विश्लेषण: ओलोफ पाल्मे यांच्या पत्नीने मारेकरी ओळखला, तरी आरोपी कसा सुटला?

२८ फेब्रुवारी १९८६. स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे आणि त्यांच्या पत्नी लिस्बेट सिनेमा बघून पायी घरी निघाले होते. सोबत अंगरक्षक नव्हते. रात्री ११ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास स्टॉकहोममधल्या स्वेआव्हेगेन या मोठ्या रस्त्यावर एकाने मागून येऊन पाल्मे यांना गोळी घातली. दुसरी गोळी लिस्बेट यांना चाटून गेली. मारेकरी शेजारच्या गल्लीत पळाला आणि पायऱ्या चढून दिसेनासा झाला.

रस्त्यावर वर्दळ होती. अनेकांनी काही ना काही पाहिलं होतं. पुढे पोलिसांनी १० हजारांहून जास्त लोकांची चौकशी केली. 'खून मीच केला' असं सांगणारेच शंभराहून जास्त निघाले! तरीही या खुनाची शिक्षा आजवर कोणावरही कायम झालेली नाही.

इतके साक्षीदार असून असं का झालं?

८ नंबरचा माणूस

डिसेंबर १९८८ मध्ये पोलिसांनी क्रिस्टर पेटरसन याला पकडलं. तो दारू आणि ड्रग्जच्या आहारी गेलेला होता आणि आधीच्या एका खुनाच्या प्रकरणात शिक्षा भोगून आलेला होता. लिस्बेट यांना काही पुरुषांचा व्हिडिओ दाखवण्यात आला. आपल्याकडच्या ओळखपरेडचाच हा प्रकार. त्यांनी ८ नंबरच्या माणसाकडे बोट दाखवलं. तो पेटरसनच होता.

वरवर पाहता विषय संपला. नवऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या बायकोपेक्षा भक्कम साक्षीदार कोण असणार? जुलै १९८९ मध्ये खालच्या कोर्टाने पेटरसनला जन्मठेप सुनावली.

त्याच वर्षी वरच्या कोर्टाने त्याला सोडून दिलं. खुनाचं हत्यार सापडलं नव्हतं, हेतूही स्पष्ट नव्हता. सगळी केस लिस्बेट यांच्या ओळखीवर उभी होती आणि ती ओळख ज्या पद्धतीने झाली, तिथेच घोळ होता. संशयित दारुडा आहे, हे व्हिडिओ दाखवण्याआधीच लिस्बेट यांच्या कानावर घातलं गेलं होतं. यातला दारुडा कोण ते दिसतंच आहे, अशा अर्थाचं त्या बोलल्याही. म्हणजे त्यांनी त्या रात्रीचा चेहरा ओळखला की रांगेतला दारुडा ओळखला? हे आता कोणीच वेगळं करून सांगू शकत नाही. त्यात घटनेला पावणेतीन वर्षं होऊन गेली होती.

पुढे हा खटला पुन्हा चालवण्याची मागणी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तीही फेटाळली.

खोटं न बोलताही साक्ष चुकते

लिस्बेट खोटं बोलत होत्या, असं वरच्या कोर्टाने म्हटलं नव्हतं. साक्षीदाराला स्वतःची खात्री असते आणि तरीही तो चुकू शकतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण यावर बरंच संशोधन झालं आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या धडकेची एक फिल्म दाखवली. नंतर ५० जणांना 'गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता', अशा धाटणीचा प्रश्न विचारला. दुसऱ्या ५० जणांसाठी साधा 'धडकल्या' हा शब्द वापरला. आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली का? पहिल्या गटातले १६ जण 'हो' म्हणाले, दुसऱ्यातले ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. फक्त प्रश्नातला एक शब्द बदलला होता.

पाल्मे प्रकरणात तर शब्दांचा पूरच आला होता. खुनानंतर आठवडाभरातच पोलिसांनी एक रेखाचित्र प्रसिद्ध केलं. ज्या तरुणीच्या सांगण्यावरून ते बनवलं, तिने प्रत्यक्ष गोळीबार पाहिलेला नव्हता. जवळच्या गल्लीत तिला एक माणूस दिसला होता, इतकंच. चित्र छापून आलं आणि पोलिसांकडे माहितीचा पाऊस पडला. तो चेहरा एकदा देशभर पोहोचल्यावर, पुढच्या साक्षीदाराला जे आठवतंय ते रस्त्यावरचं की पेपरातलं, हे कसं ठरवणार? (हल्ली हेच काम व्हायरल सीसीटीव्ही क्लिप काही तासांत करते.)

पोलिसांनी घटनास्थळही नीट सील केलं नव्हतं. झाडलेल्या दोन्ही गोळ्या नंतर सामान्य लोकांना सापडल्या. साक्षीदारांच्या आठवणींचंही तेच झालं, फक्त ते डोळ्यांना दिसलं नाही.

साक्षीदारच संशयित

जून २०२० मध्ये सरकारी वकिलांनी तपास बंद करताना स्टिग एंगस्ट्रॉम यांचं नाव घेतलं. ते घटनास्थळाजवळच्याच स्कांडिया या विमा कंपनीत ग्राफिक डिझायनर होते आणि १९८६ मध्ये साक्षीदार म्हणून स्वतःहून पुढे आले होते. पाल्मे यांना मदत करायचा प्रयत्न केला, असं ते सांगायचे. तिथल्या इतर साक्षीदारांच्या कथनाशी मात्र हे जुळत नव्हतं.

काही साक्षीदारांनी केलेलं मारेकऱ्याचं वर्णन एंगस्ट्रॉम यांच्याशी जुळतं, हा सरकारी वकिलांचा एक महत्त्वाचा मुद्दा होता. गंमत म्हणजे एंगस्ट्रॉम यांनी स्वतःच हे अनेक वर्षांपूर्वी सांगितलं होतं. पोलिसांना गाठायला मी धावलो, लोकांनी मलाच मारेकरी समजून माझं वर्णन दिलं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे तीच साक्ष त्यांना खुनी ठरवते आणि तीच त्यांना बघ्यांपैकी एक ठरवते.

यातलं खरं काय, हे उलटतपासणीत कदाचित बाहेर आलं असतं. पण एंगस्ट्रॉम २००० मध्येच वारले होते, पेटरसन २००४ मध्ये आणि लिस्बेट २०१८ मध्ये.