मी फक्त फॉरवर्ड केलं

मागच्या आठवड्यात पाचोऱ्याला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर शाळेतले चार मित्र जमले. शाळेच्या ग्रुपवर त्यातल्या एकाने एका समाजाबद्दल काहीतरी भयंकर टाकलं होतं आणि मी त्याला सगळ्यांसमोर 'हे डिलीट कर' असं लिहिलं होतं. तो विषय निघणार हे माहीतच होतं. निघालाच.

"काय भो, तूच म्हणतोस ना, बोलायचं स्वातंत्र्य पाहिजे? मग मलाच का गप्प करतोस? आणि मी कुठे काय लिहिलं? मी फक्त फॉरवर्ड केलं."

खरं सांगतो, मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. काहीतरी गुळमुळीत बोललो आणि विषय बदलला. परतताना महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये मात्र झोप लागेना. प्रश्न तर वाजवी होता! बोलण्याचं स्वातंत्र्य नेमकं कुठे संपतं?

मी काही वकील नाही, कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे एखादा नियम बरोबर आहे की नाही हे बघायची सोपी रीत आहे: ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे अशा दोन-तीन केसेस त्याला खायला घालायच्या. तिथेच चुकला तर नियम गेला कचऱ्यात. तर घेऊ या आपल्या महाराष्ट्रातल्याच केसेस.

पहिली केस पालघरची, नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. एका तरुणीने या बंदबद्दल फेसबुकवर नाराजी लिहिली, दुसरीने ती लाईक केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. त्या पोस्टमध्ये कुणाला मारा, हाकला असं काहीही नव्हतं. पुढे खटला बारगळला. या अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ हे कलम रद्द झालं. न्यायालयाने तीन पायऱ्या वेगळ्या केल्या: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही टोचल्या तरी चालतील. कायद्याचा हात तिसरीवरच पडावा.

दुसरी केस पुण्याची, हडपसर, २ जून २०१४. शिवाजी महाराज आणि बाळासाहेबांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर फिरली होती. त्यावरून शहर पेटलेलं असताना मोहसीन शेख हा आयटीत काम करणारा सोलापूरकडचा तरुण नमाज पढून घरी निघाला होता. जमावाने त्याला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढाच त्याच्याविरुद्धचा 'पुरावा'. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातून या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले.

तिसरी केस आमच्या खान्देशातली. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. त्या भागात मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. लोकांनी त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि ठेचून मारलं. पाचही जण गेले.

आता मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात जो नियम असतो तो लावून बघा: 'ज्याने भावना दुखावतात ते बोलू नये.' पालघरची पोस्ट या नियमात लगेच सापडते. आणि मुलं पळवणाऱ्यांचा मेसेज? तो आरामात सुटतो! त्यात शिवी नसते, कुणाच्या देवाचं नाव नसतं, कुणाच्या नेत्याचा अपमान नसतो. उलट काळजीच असते. 'आपल्या मुलांना जपा, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.' म्हणजे आपला नियम निरुपद्रवी बोलण्याला पकडतो आणि जीवघेण्या बोलण्याला सोडून देतो. ऑफिसात असा कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूमध्येच परत जाईल.

म्हणून मला वाटतं, बोलणं किती कडू आहे हे मोजून काही हाती लागत नाही. दोन गोष्टी बघायला हव्यात. बोट कुणाकडे दाखवलंय? आणि ऐकणाऱ्याने काय करावं असं सुचवलंय? सत्तेबद्दल, पक्षाबद्दल, नेत्याबद्दल, धर्मातल्या एखाद्या समजुतीबद्दल कितीही तिखट बोला. ज्याला पटत नाही त्याने तितकंच तिखट उत्तर द्यावं. पण जन्माने, पेहरावाने किंवा बोलीने ओळखू येणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून 'हे धोकादायक आहेत, दिसले की बघून घ्या' असं म्हटलं, की तिथे मत संपलं. तो पत्ता झाला. हात उचलणारा कुणीतरी मग तो पत्ता शोधत येतोच.

"म्हणजे महाराजांची विटंबना झाली तरी गप्प बसायचं का?" मित्राचा पुढचा प्रश्न हाच असणार. अजिबात नाही. राग येणारच, मलाही येतो. ज्याने केलं त्याचा निषेध करा, त्याच्याविरुद्ध तक्रार करा. पण 'त्याने केलं' याचं 'त्यांनी केलं' होतं ना, तो अनुस्वार फार महाग पडतो. हडपसरला तेच झालं.

कायदा म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे. राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी तो लागू झाला. चांगलंच आहे. पण ते सगळं मेल्यानंतरचं.

आणि कंपन्या? जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. वेग कमी झाला, पण तिथले मेसेज असे कुलूपबंद असतात की कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. माझ्या खाजगीपणासाठी मला ते हवंच आहे. पण याचा अर्थ काय होतो? मेसेज वाचून 'हे खोटं आहे' म्हणू शकणारी माणसं फक्त ग्रुपमधलीच. तिथे दुसरा पहारेकरी नाही.

इथे मला एक कबुली द्यायची आहे.

त्या जूनमध्ये आमच्या ग्रुपवरही एक क्लिप आली होती. मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून पळतात. मला ती खटकली. शोधलं तर दोन मिनिटांत कळलं की ती कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतली आहे. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात, तेवढाच भाग कुणीतरी कापला होता. हे मला माहीत होतं. ग्रुपमध्ये इंजिनिअर म्हणून लोक माझं ऐकतातही. मी काय केलं? 'कशाला उगाच वाईटपणा' म्हणून ग्रुप म्यूट केला.

पुढच्याच आठवड्यात राईनपाड्याची बातमी आली. आमच्या ग्रुपवरची क्लिप तिथे पोहोचली असं मी म्हणत नाही. पण लहानपणी आमच्या दारात डवरू वाजला की आजी मला हाक मारून सुपात ज्वारी द्यायची आणि मी ती त्यांच्या झोळीत ओतायचो. त्या माणसांची मला कधी भीती वाटली नव्हती. ती भीती आपल्या गावांत कुणीतरी बोटाने ढकलत ढकलत आणली आणि मी बघत बसलो. माझ्या मित्राने 'फक्त फॉरवर्ड' केलं, मी 'फक्त म्यूट' केलं. हिशेब फारसा वेगळा नाही.

असो. काल रात्री मित्राला उत्तर लिहून पाठवलं, वर लिहिलं तेच थोडक्यात. तू सरकारला शिव्या घाल, मला घाल, मी तुझ्या बाजूने उभा राहीन. पण आपल्याच गल्लीत राहणाऱ्या माणसांचा पत्ता गर्दीला देऊ नकोस. शेवटी माझी क्लिपची गोष्टही सांगितली.

निळ्या टिका दिसल्यात, उत्तर अजून नाही. ग्रुप मात्र मी आता म्यूट करत नाही.