तीस तबकड्या व एक पर्जन्यमापक

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिजविषयीं आमच्या वाचकांनीं ऐकलें असेलच. टोमॅटो व द्राक्षें पिकविणाऱ्या त्या मुलखांत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या आहेत. १४ तबकड्या सुमारें एक चौरस किलोमीटर जागेंत असून उरलेल्या १६ तीन फांट्यांवर पसरल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोहोंमधील अंतर सुमारें २५ किलोमीटर भरतें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कै. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. पत्र्याऐवजीं तारेची जाळी वापरल्यानें वारा आरपार जातो व खर्चही वांचतो. ही युक्ति कोणाही शेतकऱ्यास पटेल.

एकच प्रचंड तबकडी कां बांधली नाहीं, असा प्रश्न सहज उद्भवतो. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्या वीतभरापासून पुरुषभर लांबीच्या असतात. मीटरभर लांबीच्या लहरींनीं मनुष्याच्या डोळ्याइतकें बारीक पाहावयाचें, तर तबकडी कित्येक किलोमीटर रुंद हवी. ती कोण बांधणार व कोण फिरविणार? म्हणून लहान तबकड्या दूर दूर ठेवून त्यांचे संकेत एकत्र आणण्याचा मार्ग निघाला. या पद्धतीबद्दल केंब्रिजचे मार्टिन राइल यांस १९७४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

एकत्र आणणें म्हणजे नुसती बेरीज नव्हे. एकाच ताऱ्याची लहर एका तबकडीवर आधीं व दुसरीवर किंचित् मागाहून पोहोंचते. हा फरक सेकंदाच्या सुमारें बारा हजाराव्या भागाहून अधिक नसतो, तरी तो काढून टाकावा लागतो. मग प्रत्येक दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशीं ताडून पाहतात. तिसांच्या अशा ४३५ जोड्या होतात. जवळच्या जोडीस चित्राची ढोबळ ठेवण कळते, दूरच्या जोडीस बारकावे. शिवाय पृथ्वी फिरत असल्यामुळें ताऱ्याकडून पाहतां प्रत्येक जोडीचें अंतर व दिशा पालटत जाते, आणि आठदहा तासांत तींच यंत्रें अनेक नव्या जागीं मांडल्यासारखीं होतात. एखादी तबकडी बिघडली तर तिचें शेजारणींशीं जुळत नाहीं व ती उघडी पडते. तिच्या जोड्या गाळून बाकीच्यांवर चित्र निघतें.

हें तेरखेड्याच्या शेतकऱ्यांस सांगण्याचें कारण पाऊस. मंडळांत २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टि धरितात, आणि तो आंकडा बहुधा साऱ्या महसूल मंडळांतील एका पर्जन्यमापकाचा असतो. बालाघाटाच्या या मुलखांत एका बांधाच्या अलीकडे पाणी व पलीकडे धूळ, हें कोणास नवें आहे? यंत्रानें ६० दाखविले कीं चार कोसांवर सोयाबीन वाहून गेलें तरी कागदावर अतिवृष्टि नाहीं. यंत्र खोटें बोलत नाहीं; तें एकटें आहे, एवढेंच.

तुलना फार ताणूं नये, हें आम्ही जाणतों. तेथें लहरी ताडतात, येथें नुसते आंकडे नकाशावर मांडावयाचे. परंतु सर्वांचें माप एक व वेळ एक, ही शिस्त दोन्हीकडे सारखीच. आमच्या मतें मंडळांतील प्रत्येक गांवीं निदान दोन सभासदांनीं एकाच मापाचा साधा पर्जन्यमापक झाडाझुडपांपासून दूर उघड्यावर बसवावा, हवामान खात्याच्या वेळेस म्हणजे सकाळीं साडेआठ वाजतां वाचावा आणि शून्य असलें तरी तें लिहावें. शेतकरी सोईचा आंकडा लिहील, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर खोडदलाच आहे: सभोंवतीं दहा यंत्रें असतां एकाचा खोटेपणा लपत नाहीं. अशी वही दोनतीन पावसाळे नीट राहिली, तर सरकारनें व विमा कंपन्यांनीं ती पुराव्यांत धरावी, ही मागणी आम्हांस उजळ माथ्यानें करतां येईल.

यंत्र कोणाच्या शेतांत बसवावयाचें, हें रोहिणी लागण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. मृगाचा पहिला पाऊस वहींत आला पाहिजे.