लोहाची गोळी आणि हाडाचा कॅन्सर

"डॉक्टर, लोहाने कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणे. मग मुलाला आयर्नच्या गोळ्या चालू करू का?" हा प्रश्न हल्ली मला वारंवार विचारला जातो. करू नका. बातमी खोटी नाही, पण तिचा काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे.

मूळ गोष्ट अशी. पेशीचं आवरण मेदाचं असतं. पेशीतलं मोकळं लोह या मेदाला खवट करतं, जुनं खोबरं खवट होतं तसंच. जीपीएक्स-४ नावाचं एन्झाइम ग्लुटाथायोनच्या मदतीने हा बिघाड सतत दुरुस्त करत असतं. दुरुस्ती बंद पडली की आवरण फाटतं आणि पेशी मरते. 2012 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात स्कॉट डिक्सन आणि ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाने या मृत्यूला 'फेरोप्टोसिस' असं नाव दिलं. संशोधक जी औषधं तपासताहेत त्यातली बरीचशी लोह देत नाहीत, ती ही दुरुस्ती थांबवतात. तुमच्या गोळीचा इथे संबंधच येत नाही. गोळीतलं लोह किती घ्यायचं ते शरीर ठरवतं, जास्तीचं साठवून ठेवतं. ते गाठीत जाऊन हल्ला करत नाही. मुलाला बद्धकोष्ठ मात्र नक्की होईल.

ऑस्टिओसार्कोमात हे का तपासायचं? कारण तिथे गरज खरी आहे. हा आजार बहुधा वाढत्या वयातल्या मुलांना, गुडघ्याजवळ होतो. केमो आणि ऑपरेशनने, आजार पसरलेला नसेल तर, साधारण तीनातली दोन मुलं वाचतात. पण हा आकडा 1980 च्या दशकानंतर फारसा हललेला नाही. फुप्फुसात पसरलेल्यांचं चित्र बरंच वाईट आहे. सिस्प्लॅटिनला दाद न देणाऱ्या पेशी या दुसऱ्या वाटेने मरतील का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पण उत्तरं अजून मुख्यतः काचेच्या बशीतली आणि उंदरांतली आहेत. बशीतल्या पेशी ब्लीचनेही मरतात हो! जीपीएक्स-४ आपल्या निरोगी पेशींनाही लागतं. ते नसलेले उंदीर गर्भातच मरतात, मोठ्या उंदरांतून काढलं तर मूत्रपिंडं निकामी होतात. आणखी एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही. याच आजारात दिलं जाणारं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करतं, आणि उंदरांत त्या इजेमागे काही प्रमाणात फेरोप्टोसिसच दिसला आहे. म्हणजे ही आग सरसकट वाढवली तर पहिला चटका कुणाला बसेल, सांगा.

माझा राग संशोधकांवर नाही. "हाडाच्या कॅन्सरवर इलाज सापडला" असा मथळा देऊन 'उंदरांत' हा शब्द शेवटच्या ओळीत ढकलणाऱ्यांवर आहे. आणि आम्हा डॉक्टरांवरही, कारण हे समजावून सांगायला आम्ही पाच मिनिटं काढत नाही.

या आजारात उशीर महाग पडतो. पोराचा गुडघा दुखतो, "खेळताना लागलं असेल" म्हणून तेल चोळतात, मग हाडवैद्य, आणि गाठ दिसेपर्यंत महिने जातात. दुखणं रात्री झोपेतून उठवत असेल, आठवड्यांनीही कमी होत नसेल किंवा सूज असेल, तर मालीश बंद करा आणि साधा एक्स-रे काढा. संशय आला तर बायोप्सी जिथे ऑपरेशन होणार तिथेच करा. सुईची वाट पुढे गाठीसोबत कापून काढावी लागते. ती भलत्या जागी पडली तर वाचू शकणारा पायही जाऊ शकतो. योग्य वेळी आलेल्या बहुतेक मुलांचा पाय आज वाचतो.

आणि कुणी फेरोप्टोसिसचं औषध देतो म्हणाला, तर त्याच्याकडे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक न देता पैसे मागू लागला, तर फाईल उचला आणि निघून या.