अंगठा, पासबुक आणि हक्कसोड

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडमध्ये, नव्वदच्या दशकात, रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई बँकेत खाते उघडायला गेली. कर्ज नको होते तिला. पावसाळ्याआधी मुलाबाळांच्या डोक्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा, म्हणून रोजचे चार पैसे साठवायचे होते. रक्कम फारच किरकोळ, असे सांगून बँकेने तिला परत पाठवले.

तिची हकिगत ऐकून सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक सभासद बायका निरक्षर होत्या. मग या बायका अक्षरे गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी मुंबईत जाऊन त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या साहेबांनाच सुनावले : व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून करून दाखवावा. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पुढे पासबुकाचा प्रश्न आला. पासबुक घरी नेले की नवऱ्याला शिल्लक कळते आणि पैसे जातात, ही बायकांची तक्रार. त्यांना कार्ड हवे होते. तेही आकड्यांचा पिन नको, अंगठ्यावर चालणारे. पिन कुणीही चोरेल, अंगठा कसा चोरणार? परवान्याच्या अर्जावर जो अंगठा कमीपणाचा ठरला, तोच तिजोरीची किल्ली झाला. आर्थिक साक्षरतेचे धडे द्यायला जाणाऱ्यांनी आधी थोडे ऐकून घ्यावे, ते यासाठी.

एवढे सगळे खरे, पण विशी-पंचविशीतल्या मुलीची अडचण आणखी वेगळी आहे. बचतगटात साधारणपणे लग्न होऊन गावात स्थिरावलेल्या बायका असतात. शिवणकाम, पार्लर किंवा मसाल्याचा धंदा माहेरी सुरू करणारी मुलगी गिऱ्हाईक जमवते, उधारीची वही सांभाळते, आणि मग लग्न ठरते. मशीन टेम्पोत घालून नेता येते. गिऱ्हाईक, ओळखीचा घाऊक व्यापारी, गावातली पत मागेच राहते. सासरी परवानगीपासून सुरुवात. प्रशिक्षणाच्या शेवटी प्रमाणपत्र हातात घेऊन काढलेल्या फोटोत यातले काही दिसत नाही.

धंद्यासाठीच्या सरकारी मुद्रा कर्जाला तारण लागत नाही, हे चांगलेच. पण धंदा वाढवायला जागा लागते, आणि जागा बहुतेक वेळा भावाच्या नावावर असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा बदलून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा दिला. देशाने ते २००५ मध्ये केले. तरीही लग्नानंतर बहिणींना दुय्यम निबंधकापुढे नेऊन हक्कसोड लिहून घेण्याची रीत चालूच आहे, आणि माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. ज्या घरात ही सही गोडीगुलाबीने घेतली जाते, त्याच घरातले पुढारी महिला दिनी उद्योजिकांचा सत्कार करतात!

म्हणून नव्या योजनेआधी दोन साध्या गोष्टी व्हाव्यात. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली, तर तिचे कर्जखाते आणि परतफेडीचा चांगला इतिहास तिथल्या शाखेने विनातक्रार पुढे चालवावा. आणि ग्रामपंचायतीने बाजारातले काही गाळे तरुण मुलींसाठी राखून ठेवावेत, भाडेकरार त्यांच्याच नावाने करून. सासऱ्याची किंवा नवऱ्याची संमती न मागता.