पावती फाडली, पण फेकू नका

पार्किंगच्या वीस-तीस रुपयांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढणार नाही, या भरवशावर आपल्या शहरांत वर्षानुवर्षं एक मोठा व्यवहार सुरू आहे. मॉलमधून बाहेर पडताना दांडा खाली असतो, मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असते, मागच्या सीटवर मूल पेंगत असतं. खिडकीतला पोरगा हात पुढे करतो, पैसे दिले जातात, दांडा वर जातो. हे पैसे मुळात द्यायला लागत होते का, हे विचारायला त्या घाईत जागाच नसते. सुरतेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न गुजरात उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे त्याचं उत्तर मिळालं.

2018 मध्ये अहमदाबाद आणि सुरतेतल्या मॉलना पार्किंगचे पैसे घेणं थांबवा म्हणून नोटिसा गेल्या. त्यामागचं कारण रस्त्यावर दिसत होतं. आत पैसे पडतात म्हणून लोक गाड्या बाहेरच लावतात, आणि सुरतेच्या डुमस रोड किंवा अडाजणसारख्या भागात संध्याकाळी अर्धा रस्ता त्यातच जातो. मॉलवाले या नोटिशींविरुद्ध न्यायालयात गेले. एकल न्यायपीठाने आधी मधला मार्ग काढला: पहिला तास मोफत, पुढे मर्यादित शुल्क. त्यावर अपील झालं आणि 10 जुलै 2019 रोजी प्रभारी मुख्य न्यायमूर्ती अनंत दवे आणि न्यायमूर्ती बिरेन वैष्णव यांच्या खंडपीठाने सांगितलं की मॉल आणि मल्टिप्लेक्स यांना ग्राहकांकडून पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत.

या निकालामागचा विचार कोणालाही समजेल असा आहे. मॉल बांधायची परवानगी मिळते तीच मुळी ठरावीक पार्किंग ठेवण्याच्या अटीवर. ही जागा बांधकामाच्या चटई क्षेत्रातही धरली जात नाही, म्हणजे तिच्यापायी मालकाची विकता येण्याजोगी जागा कमी होत नाही. जी सोय द्यायची असं नियमावली बजावते आणि जिच्यासाठी पैसे घ्यायचा अधिकार कुठेही देत नाही, ती सोय मालकाला आपल्या मर्जीने विकायला काढता येत नाही.

मॉलवाल्यांचीही एक बाजू आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. तळघरात दिवे लागतात, पंखे लागतात, कॅमेरे आणि रखवालदार लागतात. खरेदी न करता दिवसभर गाडी ठेवून ऑफिसला जाणारेही असतात. केरळमध्ये कोचीच्या लुलू मॉलने असाच खटला लढवला आणि तिथल्या उच्च न्यायालयाने मॉलच्या बाजूने कौल दिला, कारण तिथला नगरपालिका कायदा वेगळा आहे. तेलंगणाने 2018 मध्ये सरकारी आदेशच काढला: पहिला अर्धा तास मोफत, अर्धा ते एक तास कसलंही बिल दाखवलं तरी मोफत, आणि त्यापुढे बिल पार्किंगच्या रकमेपेक्षा मोठं असेल तर मोफत. पुण्यातही जून 2019 मध्ये महापालिकेच्या शहर सुधारणा समितीने मॉलमधलं पार्किंग मोफत असावं, अशी भूमिका घेतली होती. म्हणजे एका राज्याचा निकाल दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा चालत नाही. तरीही या सदराचं मन गुजरातच्या खंडपीठाकडे झुकतं. दुकानदार मॉलला भाडं देतो, ते भाडं मालाच्या किमतीत उतरतं आणि ती किंमत ग्राहक मोजतो. त्याच ग्राहकाकडून दारात पुन्हा पैसे घेणं त्याच्यावर अन्याय आहे.

आता खरी अडचण. न्यायालयाने नाही म्हटलं तरी दारातला दांडा खाली असला तर ग्राहकाने काय करायचं?

उत्तराआधी तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहू. तिथे गोष्ट उलट दिशेने घडते. खासगी पार्किंगवाल्याचा कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि काही दिवसांनी घरी मागणीपत्र येतं. पैसे दिले नाहीत तर कंपनी लहान दाव्यांच्या कोर्टात जाते आणि गाडीवाला प्रतिवादी होतो. स्लाऊ किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा कागद ओळखीचा असेल. त्याकडे दुर्लक्ष करणं सगळ्यात महागात पडतं, कारण दाव्याला मुदतीत उत्तर गेलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो. चेम्सफर्डच्या एका खरेदी केंद्रात दोन तास मोफत पार्किंग होतं. बॅरी बेव्हिस यांची गाडी 56 मिनिटं जास्त थांबली आणि त्यांना 85 पौंड भरायला सांगितलं गेलं. त्यांनी ते प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं. 4 नोव्हेंबर 2015 रोजी सातपैकी सहा न्यायमूर्तींनी आकार योग्य ठरवला. मे 2024 पासून तिथे पैशांच्या लहान दाव्यांत मध्यस्थी सक्तीची झाली आहे: फोनवर तासभराची बैठक, फी नाही, आणि दोन्ही बाजूंनी हजर राहायचंच.

सुरतेत पार्किंगवाल्या कंपनीला कोर्टात जायची गरजच पडत नाही. तिच्याकडे दांडा आहे. पैसे आधी वसूल होतात, त्यामुळे बचाव करायचा असेल तर ग्राहकालाच तक्रारदार व्हावं लागतं. बाकीची सगळी चाल या एका फरकावरून ठरते.

म्हणून दारात भांडू नये. खिडकीतला पोरगा कंत्राटदाराचा पगारी माणूस असतो; नियम त्याने केलेले नसतात आणि तो ते बदलूही शकत नाही. पैसे द्यावेत आणि पावती मागून घ्यावी. यूपीआयने दिले तर शेरा लिहायच्या जागी ‘हरकत नोंदवून’ एवढे दोन शब्द टाकावेत. पैसे कोणाच्या नावावर गेले ते पडद्यावर दिसतं; ते नाव मॉलचं आहे की कंत्राटदाराचं, हे तक्रार लिहिताना फार कामाला येतं. पावतीवर जीएसटी क्रमांक आहे की नाही ते पाहावं. दराच्या फलकाचा फोटो घ्यावा, त्यात तारीख-वेळ दिसेल असा. पैसे मोजून सेवा घेतल्याचा पुरावा म्हणजे ती पावती, आणि तिच्यामुळेच गाडीवाला कायद्याच्या भाषेत ग्राहक होतो. बहुतेक जण ती दांडा ओलांडल्यावर खिडकीतून फेकून देतात.

पुढचा रस्ता ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधून जातो. हा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. काही कंपन्या तेवढ्यावरच पैसे परत करतात. नाही केले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

या कायद्यातली एक तरतूद खानदेशातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. समजा, नंदुरबारचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला सुरतेला आलं. दिवस रिंग रोडच्या साड्यांच्या मार्केटमध्ये गेला, संध्याकाळी मुलांच्या हट्टाखातर मॉलमध्ये गेले आणि बाहेर पडताना पार्किंगचे पैसे मोजले. जुन्या कायद्यात त्यांना तक्रारीसाठी सुरतेलाच खेपा घालाव्या लागल्या असत्या. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे सुरतेतल्या मॉलला नंदुरबारच्या आयोगापुढे उत्तर द्यावं लागेल. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची परवानगीही मागता येते. वीस रुपयांच्या लढाईत बसभाडं कोणाच्या खिशातून जातं, हा किरकोळ मुद्दा नाही.

तक्रारीत कायद्याचा मुद्दा नीट मांडावा. गुजरात उच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालाचा आधार घ्यावा आणि त्यावर पुढे काय आदेश झाले आहेत, ते तक्रार दाखल करण्याच्या दिवशीच तपासून घ्यावं. मॉल आणि कंत्राटदार दोघांनाही सामनेवाले करावं; नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि ‘ही अटच एकतर्फी करार आहे’ अशी मागणी जिल्हा आयोगापुढे नेऊ नये, कारण अन्याय्य कराराच्या तक्रारी ऐकायचा अधिकार राज्य आयोगाला आहे. जिल्ह्यात अनुचित व्यापारी प्रथा आणि जादा आकारणी यांवर बोलावं.

पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या दोन ओळींची अनेकांना उगीच धास्ती असते. पहिली, ‘कूपन हरवल्यास अमुक रुपये दंड’. दंड करायचा अधिकार सरकारी यंत्रणेकडे असतो, खासगी रखवालदाराकडे नसतो. कराराने ठरवलेली रक्कम म्हटली तरी 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 वाजवी भरपाईपुरतंच जाऊ देतं, छापलेली पूर्ण रक्कम आपोआप पदरात टाकत नाही. दुसरी ओळ, ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात 1998 मध्ये एका पाहुण्याने गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि भलताच कोणी ती मारुती झेन घेऊन पसार झाला. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किल्ली ताब्यात घेतल्यावर नीट काळजी घेण्याची जबाबदारी हॉटेलवर येते आणि कूपनवरच्या छापील ओळीने ती झटकता येत नाही. किल्ली आपल्याच खिशात असेल तर गोष्ट थोडी वेगळी होते, पण ती ओळ वाचून गप्प बसण्याचं कारण नाही.

आता मध्यस्थी. तक्रार दाखल करून घेतल्यावर पहिल्याच सुनावणीत, तडजोडीची शक्यता दिसली तर आयोग दोन्ही बाजूंना पाच दिवसांत लेखी संमती द्यायला सांगू शकतो. इंग्लंडसारखी सक्ती इथे नाही. संमती दिली की प्रकरण आयोगाशी जोडलेल्या मध्यस्थी कक्षाकडे जातं आणि साधारण तीन महिन्यांत तिथलं काम आटपावं अशी अपेक्षा असते. पार्किंगच्या तक्रारीत मॉलच्या वकिलाची पहिली तयारी ठरलेली असते: पैसे परत, वर हजार-दोन हजार खर्चापोटी, आणि प्रकरण मिटलं.

इथेच ग्राहकाने घाई करू नये. मध्यस्थीच्या खोलीतलं बोलणं गोपनीय असतं. तक्रारदाराचे वीस रुपये परत येतात, दारातला फलक तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी हजारो गाड्या पुन्हा तेच पैसे मोजतात. मॉलच्या दृष्टीने असा समझोता स्वस्तात पडतो. म्हणून तक्रारदाराने खोलीत पहिली मागणी पैशांची न करता फलकाची करावी: अमुक तारखेपासून या दारावर ग्राहकांकडून पार्किंग शुल्क घेतलं जाणार नाही आणि तसा फलक मराठी वाचकालाही कळेल अशा अक्षरांत, गुजरातीत आणि इंग्रजीत लावला जाईल. हे कलम समझोत्याच्या कागदात लिहून घ्यावं. समझोत्याचा अहवाल आला की आयोग सात दिवसांत त्यानुसार आदेश करतो आणि मग ती अट दोघांमधली गुपचूप बोली राहत नाही. तो आदेश मोडला तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25 हजार रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे. फलकाची अट मॉलने मान्य केली नाही तर सरळ संमती मागे घ्यावी आणि आयोगाकडून निकाल मागावा. निकाल जाहीर असतो आणि पुढच्या तक्रारदाराला तो दाखवता येतो.

हे सगळं खिशातल्या वीस रुपयांसाठी कशाला, असं विचारणाऱ्यांना मथुरेच्या एका वकिलांची हकिगत सांगावी. 1999 मध्ये रेल्वेच्या तिकीट खिडकीवर त्यांच्याकडून 20 रुपये जास्त घेतले गेले. त्यांनी ग्राहक मंचात तक्रार केली, शंभराहून जास्त तारखा पडल्या आणि ऑगस्ट 2022 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला: 20 रुपये व्याजासह परत आणि वर 15 हजार रुपये. बावीस वर्षं हा आपल्या व्यवस्थेवरचा डाग आहे. एकट्या माणसावर असं ओझं पडू नये, यासाठीच कायद्याने सामूहिक तक्रारीची वाट ठेवली आहे.

समान तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनेला सभासदांच्या वतीने तक्रार करता येते. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हापासून मराठी माणसाला हे काम माहीत आहे. अहमदाबादला कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर 1978 पासून आहे. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागांत मराठी मंडळं कमी नाहीत. गणेशोत्सवाचा हिशोब चोख ठेवणाऱ्या मंडळाला दोनशे सभासदांच्या पार्किंगच्या पावत्या एका फाइलीत लावून ग्राहक संघटनेकडे नेणं अवघड नाही. अशा तक्रारीत, नुकसान झालेले ग्राहक इतके असतील की त्यांना एकेक करून शोधणं शक्य नाही, तर आयोग सामनेवाल्याला एकत्रित रक्कम भरायला लावू शकतो, आणि ती रक्कम दिलेल्या सेवेच्या किमतीच्या किमान 25 टक्के असावी लागते.