जुन्या गाडीचा रोजमेळ

अनेक व्यापारी कुटुंबांच्या वाड्यात किंवा गोदामाच्या कोपऱ्यात आजही एखादी जुनी फियाट ताडपत्रीखाली उभी असते. दुकान वाढले तेव्हा ती आली. लग्नाच्या वराती, तीर्थयात्रा, पेठेतील उधारीची वसुली ही सारी कामे तिने केली. पुढे नव्या गाड्या आल्या. पण ती विकण्याचा विषय निघाला की घरातील वडीलधारी माणसे गप्प होतात.

या गाडीशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. सोलापूरच्या व्यापारी घराण्यात 1882 साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकी बनावटीच्या गाड्या जुळवल्या जात. नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला आणि 1964 पासून 'अकराशे डी' या नमुन्याची गाडी तेथे तयार होऊ लागली. तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. खासगी गाड्या मात्र अनेकांनी जपून ठेवल्या आहेत.

अशा गाडीचे इंजिन बहुधा दगा देत नाही. रुसतो तो डॅशबोर्ड. पेट्रोलचा काटा रिकाम्यावर चिकटून बसतो, मीटरमागचा दिवा मिणमिणतो, इंडिकेटर लावला की त्याच तालावर दुसराच दिवा लुकलुकू लागतो. पुष्कळ मालक हे दोष किरकोळ समजून सोडून देतात. वास्तविक ते पुढच्या मोठ्या नुकसानीची आगाऊ सूचना असतात.

ही विद्युतव्यवस्था समजण्यास अवघड नाही. ज्याला रोजमेळ लिहिता येतो, त्याला ती सहज उमगते. बॅटरीच्या धन टोकातून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच आणि दिवा अशा वाटेने जातो. परतीसाठी मात्र त्याला वेगळी तार नसते. गाडीचा पत्रा हाच त्याचा परतीचा मार्ग. त्याला कारागीर 'अर्थ' म्हणतात. गेलेली रक्कम परत जमा झाली नाही तर ताळा जुळत नाही, तसेच येथे घडते. पावसाळ्यात चार महिने उभ्या असलेल्या गाडीत अर्थच्या स्क्रूखाली गंज धरतो. परतीची वाट अडली की प्रवाह दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. इंडिकेटरच्या तालावर भलताच दिवा लुकलुकतो तो बहुतेक वेळा यामुळेच. दुरुस्तीचा खर्च म्हणजे पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि अर्धा तास.

काम घरी करायचे तर क्रम पाळावा. हातातील अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे आणि काम संपल्यावर ते सर्वांत शेवटी जोडावे. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरील पान्हा चुकून पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी उडते. मीटर बाहेर ओढण्यापूर्वी त्यामागची स्पीडोमीटरची केबल सोडवावी. प्रत्येक तार काढण्याआधी मोबाईलवर छायाचित्र घ्यावे आणि तारेला चिठ्ठी लावावी. जुन्या तारांचे रंग इतके फिकट झालेले असतात की केवळ स्मरणावर विसंबून चालत नाही.

अर्थ तपासण्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. या तपासणीपुरती बॅटरी पुन्हा जोडावी, दिवा लावावा, मीटरची एक सुई दिव्याच्या होल्डरच्या पत्र्यावर आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवावी. आकडा शून्याच्या जवळपास असावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसला तर परतीच्या वाटेत गंज आहे असे समजावे. तार बदलावी लागली तर ती मूळ जाडीची, अनेक बारीक तंतूंची घ्यावी. एकाच जाड तंतूची तार गाडीच्या थरथरण्याने आतून तुटते.

चार्जिंगच्या लाल दिव्याची गोष्ट वेगळी आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत या दिव्यातून जाणारा अल्पसा प्रवाह अल्टरनेटरला जागे करतो. म्हणून हा दिवा गेला, किंवा हौसेने तेथे एलईडी बसवला, तर बॅटरी चार्ज न होण्याचा संभव असतो. दोन-चार दिवसांनी गाडी सुरू होत नाही आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला दिला जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट फ्यूजची. फियाटच्या जुन्या गाड्यांत चिनी मातीचे छोटे फ्यूज असतात. पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 अँपिअरचा. हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 12 व्होल्टच्या गाडीत मीटरमागचा 3 वॅटचा दिवा पाव अँपिअर घेतो. हेडलाइटचा 45 वॅटचा दिवा पावणेचार अँपिअर घेतो. त्या जागी हौसेने 100 वॅटचा दिवा लावला, की एकट्यालाच सव्वाआठ अँपिअरहून अधिक लागतात आणि 8 चा फ्यूज वितळू शकतो. फ्यूजने आपले कर्तव्य केलेले असते. पण मालकाला तो अडथळा वाटतो. मग कोणीतरी चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळतो किंवा तांब्याची तार अडकवतो. दिवा लागतो, सगळे खूश होतात. त्यानंतर तापते ती डॅशबोर्डमागची पन्नास वर्षांची तार आणि वितळते तिचे आवरण. शेजारी रेक्झिन, पुठ्ठा, कापड. आणि गोदामात उभ्या गाडीच्या चहूबाजूंनी माल.

दुकानातील जुना मुनीम जेव्हा सांगे, "शेठजी, या पेढीला आता आणखी उधार देऊ नका," तेव्हा त्याचा राग येई. पण त्याला गप्प करून पेढी वाचत नसे. फ्यूजचेही तसेच आहे. तो पुन्हापुन्हा जात असेल तर तो बदलत बसण्याऐवजी तो का जातो हे शोधावे. उंदराने कुरतडलेली तार, पत्र्याला घासून उघडी पडलेली जोडणी किंवा क्षमतेबाहेरचा दिवा, यांपैकी एक कारण बहुधा सापडते.

घरच्या कामाची मर्यादाही ओळखावी. आवरण वितळलेले दिसले, जळका वास आला किंवा किल्लीचा स्विच गरम होऊ लागला, तर जाणकार इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पेट्रोलच्या टाकीवरील तरंगी तर घरी उघडूच नये. तेथे एक ठिणगी पुरे.

आणखी एका कारणासाठी हे काम लांबणीवर टाकू नये. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते आणि पुढे दर 5 वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी 2021 पासून स्वतंत्र 'व्हिंटेज' नोंदणीची सोय झाली आहे. मूळ वायरिंग तोडून मोडून टाकलेली गाडी हे मूळपण गमावते.

आणि कोणता स्विच थोडा डावीकडे दाबावा लागतो, कोणती तार कोणत्या वर्षी बदलली, हे घरात सहसा एकाच व्यक्तीला ठाऊक असते, आणि तिचे वय आता सत्तरीपलीकडे आहे. नातवाने बॅटरी धरावी, आजोबांनी सांगावे आणि प्रत्येक दुरुस्ती तारखेसह एका वहीत लिहून ठेवावी. पेढीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या घरांना आणखी एक वही जड जाणार नाही.