आठ डॉलरमागे एक सेंट

वन्यजीवांचे रक्षण ही करुणेची बाब खरी. तथापि तिचाही जमाखर्च कोणाला तरी मांडावाच लागतो. वनरक्षकांचे वेतन, जमिनीची खरेदी, पाणथळ जागांची निगा यांसाठी दरवर्षी खात्रीचा पैसा हवा. तो कोठून येतो, यावर कोणत्या जीवाकडे लक्ष जाणार हेही बऱ्याच अंशी ठरते. अमेरिकेतील मिसूरी राज्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

त्या देशात वन्यजीव हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. राज्यांच्या वन्यजीव खात्यांना परंपरेने दोन मार्गांनी पैसा मिळतो. पहिला, शिकार व मासेमारीच्या परवान्यांचे शुल्क. दुसरा, 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व काडतुसे यांच्या उत्पादकांकडून घेतला जाणारा केंद्रीय कर. रायफलींवर तो 11 टक्के आहे. या निधीची मुख्य वाटणी निम्मी क्षेत्रफळावर आणि निम्मी परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर होते. परवाना शुल्क अन्य कामांकडे वळविणारे राज्य या अनुदानास अपात्र ठरते.

या व्यवस्थेमुळे हरणे व रानटी टर्की यांची घटलेली संख्या सावरली, हे मान्य करावे लागेल. तरीही अहिंसेला परमधर्म मानणारा वाचक येथे थबकेल. कारण रक्षणाचा पैसा येथे शिकारीच्या परवान्यातून येतो. निव्वळ हिशेबाच्या दृष्टीनेही त्यात उणीव आहे. फुलपाखराचा वा वटवाघळाचा परवाना कोणी काढीत नाही; आणि शिकारी घटले की तिजोरीही आटते.

मिसूरीच्या मतदारांनी 1976 मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून विक्रीकरात एक अष्टमांश टक्क्याची भर स्वीकारली. आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट, इतकाच तो भार. ही रक्कम घटनेनेच वन्यजीव व वनसंरक्षणाच्या कामासाठी राखून ठेवली आहे. पुढे 1984 मध्ये राज्य उद्याने व मृदासंधारण यांसाठी एक दशांश टक्क्याचा स्वतंत्र कर मंजूर झाला. त्यास ठरावीक काळाने मतदारांची पुन्हा संमती लागते; 2016 मध्येही ती मिळाली. तेथील राज्य उद्यानांत प्रवेशशुल्क नाही.

ही व्यवस्था निर्दोष नव्हे. शिकारीचे परवाने तेथे आजही दिले जातात, आणि विक्रीकर गरीब-श्रीमंतांना एकाच दराने लागतो. परंतु ज्याने कधी बंदूक हाती धरली नाही, तोही दुकानाच्या गल्ल्यावर आपला वाटा देतो. त्यामुळे त्या जीवांविषयी बोलण्याचा अधिकार त्यालाही प्राप्त होतो.

व्यापारावर अल्पसा लागा बसवून पांजरापोळी चालविणाऱ्या आपल्याकडील महाजनांना हे गणित ठाऊक होते. मोठ्या देणगीचे मोल आहेच. पण नियमाने सर्वांकडून येणाऱ्या पैशावर कार्य अधिक काळ टिकते.